लांबी मोजावी कशी आणि काढावी कशी: फूटपट्टीपासून प्रकाशकिरणापर्यंत

लांबी मोजणे म्हणजे वस्तूला पट्टी लावून एक आकडा वाचणे, असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात एका लांबीसाठी नेहमी दोन वाचने घ्यावी लागतात, एक सुरुवातीच्या टोकाचे आणि दुसरे शेवटच्या टोकाचे, आणि लांबी म्हणजे त्या दोहोंची वजाबाकी. पट्टीचे शून्य वस्तूच्या टोकाशी जुळवले की पहिले वाचन शून्य धरले जाते व ते घेतल्याचे आपल्या ध्यानातही राहत नाही. पण पुष्कळशा चुका नेमक्या त्या न घेतलेल्या वाचनातच दडलेल्या असतात. ही वजाबाकी लक्षात ठेवली तर व्हर्नियर कॅलिपर या सूक्ष्म मापकातील शून्य त्रुटी, निर्देशकांवरून अंतर काढण्याचे सूत्र, वक्राची लांबी आणि लेझरने मोजलेले अंतर हे सारे एकाच कुटुंबातले वाटू लागते. म्हणून या लेखात तोच धागा धरून पुढे जाऊ.

मोजण्याआधीचे दोन प्रश्न

साधन हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे कोणत्या दोन बिंदूंमधले अंतर हवे आहे. नळीची लांबी म्हटले तर ती काठापासून काठापर्यंत की आट्यांचा भाग सोडून, दोरीची लांबी म्हटले तर ती सैल की ताणलेली, हे ठरलेले नसेल तर कितीही अचूक साधन निरुपयोगी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे किती अचूकता पुरेशी आहे. खोलीची लांबी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजण्यात अर्थ नाही आणि तारेचा व्यास फूटपट्टीने मोजण्यातही नाही. ढोबळ नियम असा की हव्या असलेल्या अचूकतेपेक्षा साधनाचे लघुत्तम माप, म्हणजे त्या साधनाने वाचता येणारे सर्वांत लहान माप, बरेच लहान असावे. दहापट लहान असेल तर उत्तम.

मीटर म्हणजे नेमके किती

फ्रान्समध्ये १७९१ साली मीटरची व्याख्या उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग अशी ठरवण्यात आली आणि द्‌लांब्र व मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना या टप्प्याची मोजणी करण्यात अनेक वर्षे घालवली. त्यावरून बनलेला मीटर मूळ व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला, कारण पृथ्वीच्या ध्रुवांजवळच्या चपटेपणाचा हिशेब पूर्ण बरोबर नव्हता. पण तोवर प्लॅटिनमची प्रमाणपट्टी तयार झाली होती आणि व्यवहारात तीच मीटर ठरली. १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमची आंतरराष्ट्रीय प्रमाणपट्टी आली, १९६० मध्ये क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या तरंगलांबीवर व्याख्या बेतण्यात आली, आणि १९८३ पासून प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो ते अंतर म्हणजे मीटर. अर्थात आज लांबीचे एकक वेळेच्या एककावर उभे आहे.

रूपांतराबद्दल एवढेच पुरे की १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, १ फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर आणि १ सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. ही रूपांतरे व्याख्येनेच ठरलेली असल्याने त्यांत अनिश्चितता नसते. सर्व आकडे आधी एकाच एककात आणावेत आणि मगच बेरीज-वजाबाकी करावी.

फूटपट्टी आणि टेप

फूटपट्टीचे टोक झिजलेले असते, म्हणून वस्तूचे एक टोक शून्यावर न ठेवता १ किंवा २ सेंटिमीटरच्या रेघेवर ठेवावे. एक टोक २.०० वर आणि दुसरे १४.३० वर असेल तर लांबी १२.३० सेंटिमीटर. पट्टीवरील खुणा वस्तूला चिकटून असाव्यात आणि डोळा खुणेच्या बरोबर समोर, लंब दिशेत असावा. तिरके पाहिल्यास दृष्टिभेदामुळे रेघ सरकलेली दिसते. जाड पट्टी आडवी ठेवण्याऐवजी कडेवर उभी केली की खुणा थेट वस्तूला टेकतात आणि हा दोष बहुतांशी नाहीसा होतो.

पोलादी टेपच्या टोकाचा आकडा (हुक) किंचित सैल असतो, आणि तो बिघाड समजून ठोकून घट्ट करणारी माणसे मी पाहिली आहेत. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. वस्तूच्या कडेला आकडा अडकवून ओढले की तो बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबले की आत जातो, आणि हे सरकणे आकड्याच्या जाडीइतकेच असल्यामुळे दोन्ही प्रसंगी शून्य बरोबर जागी येते.

लांब टेपच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली झोळ: लोंबणारी टेप दोन बिंदूंमधल्या सरळ अंतरापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून तिला आधार द्यावा किंवा ठरलेला ताण द्यावा. दुसरी उतार: ५० मीटर अंतरावर दोन टोकांच्या उंचीत १ मीटरचा फरक असला तरी तिरकी लांबी आडव्या अंतरापेक्षा सुमारे १ सेंटिमीटरनेच जास्त भरते. ही दुरुस्ती उंचीतील फरकाचा वर्ग भागिले लांबीची दुप्पट एवढी असते, त्यामुळे उंचीचा फरक निम्मा झाला की ती चौथाई होते. तिसरी गोष्ट म्हणजे तापमान. पोलाद एका अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे ११.५ दशलक्षांशाने प्रसरण पावते. २० अंशांना प्रमाणित केलेली ३० मीटरची टेप ४० अंशांना वापरली तर ती ३०,००० × २० × ०.००००११५ म्हणजे ६.९ मिलिमीटरने लांब होते. दुरुस्ती मिळवायची की वजा करायची, यात हमखास गोंधळ होतो. टेप ताणली गेली म्हणजे तिच्यावरच्या रेघा एकमेकींपासून दूर गेल्या, म्हणून तीच वस्तू मोजताना कमी रेघा भरतात आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी येते. तेव्हा ६.९ मिलिमीटर मिळवावेत.

व्हर्नियर कॅलिपर

व्हर्नियर कॅलिपरमध्ये वस्तू दोन जबड्यांत धरतात; एक जबडा मुख्य पट्टीला आणि दुसरा तिच्यावरून सरकणाऱ्या छोट्या पट्टीला जोडलेला असतो. पिएर व्हर्निए याने १६३१ मध्ये मांडलेल्या युक्तीचे आजचे साधे रूप असे की मुख्य पट्टीच्या ९ मिलिमीटर लांबीचे सरकत्या पट्टीवर १० सारखे भाग करावेत. मग सरकत्या पट्टीचा एक भाग ०.९ मिलिमीटर होतो आणि दोन्ही पट्ट्यांच्या एका भागातील फरक ०.१ मिलिमीटर हे लघुत्तम माप ठरते. ०.०५ आणि ०.०२ मिलिमीटर लघुत्तम मापाची कॅलिपरही सर्रास मिळतात, म्हणून आधी हातातल्या साधनाचे माप तपासावे.

वाचनाचा क्रम असा. जबडे पूर्ण मिटवून पाहावे. दोन्ही शून्ये जुळली नाहीत तर शून्य त्रुटी आहे, ती चिन्हासह लिहून ठेवावी. मग वस्तू जबड्यांत हलकेच धरून, सरकत्या पट्टीच्या शून्याच्या लगेच डावीकडे असलेली मुख्य पट्टीची रेघ वाचावी, समजा २३ मिलिमीटर. त्यानंतर सरकत्या पट्टीची कोणती रेघ मुख्य पट्टीच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधावे. सातवी जुळली तर ७ × ०.१ म्हणजे ०.७ मिलिमीटर आणि एकूण वाचन २३.७ मिलिमीटर.

आता शून्य त्रुटी. जबडे मिटलेले असताना सरकत्या पट्टीचे शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे असेल आणि तिसरी रेघ जुळत असेल तर त्रुटी +०.३ मिलिमीटर आहे व खरे माप २३.७ − ०.३ = २३.४ मिलिमीटर. ते शून्य डावीकडे असेल आणि आठवी रेघ जुळत असेल तर त्रुटी −(१० − ८) × ०.१ = −०.२ मिलिमीटर आणि खरे माप २३.७ − (−०.२) = २३.९ मिलिमीटर. ऋण त्रुटीत जुळणारी रेघ १० मधून वजा करायची, हे विसरणे ही प्रयोगवहीतली नेहमीची चूक आहे. दोन्ही प्रसंगी नियम मात्र एकच: वाचनातून त्रुटी चिन्हासह वजा करावी. मिटलेल्या जबड्यांचे वाचन हे पहिल्या टोकाचे वाचन आहे, एवढे ध्यानात आले की चिन्हांचे पाठांतर करावे लागत नाही.

आतील व्यास मोजताना वरचे लहान जबडे छिद्रात उघडून थोडे इकडेतिकडे सरकवावेत आणि सर्वांत मोठे वाचन घ्यावे, कारण केंद्रातून न जाणारी जीवा व्यासापेक्षा लहान असते. दोन समांतर भिंतींच्या खाचेत मात्र सर्वांत लहान वाचन खरे.

स्क्रू गेज

स्क्रू गेजमध्ये वस्तू एक स्थिर टोक आणि स्क्रूचे पुढे सरकणारे टोक यांच्यामध्ये धरतात. स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की टोक जेवढे पुढे जाते ते त्याचे पिच. पिच ०.५ मिलिमीटर आणि वर्तुळाकार पट्टीवर ५० भाग असतील तर लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर. मुख्य पट्टीवर २.५ मिलिमीटर दिसत असेल आणि वर्तुळाकार पट्टीचा ३७ वा भाग आडव्या रेघेवर असेल तर वाचन २.५ + ०.३७ = २.८७ मिलिमीटर. येथे अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून निसटते आणि उत्तर २.३७ लिहिले जाते. म्हणून वाचन लिहिल्यावर साध्या पट्टीने ढोबळ पडताळा घ्यावा.

घट्ट करताना नेहमी मागच्या रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या मुठीनेच, फिरवावे, म्हणजे प्रत्येक वेळी दाब सारखा राहतो. स्क्रूच्या आट्यांत थोडी ढिलाई असते, म्हणून शेवटचे समायोजन नेहमी एकाच दिशेने करावे. एकदा जास्त घट्ट झाले तर थोडे मागे घेऊन तिथेच वाचू नये, बरेच सैल करून पुन्हा पुढे आणावे. तारेचा व्यास घेताना एकाच जागी एकमेकींना लंब अशा दोन दिशांत वाचने घ्यावीत, कारण तार क्वचितच पूर्ण गोल असते.

सूक्ष्म साधन नसेल तेव्हा

एका कागदाची जाडी फूटपट्टीने मोजता येत नाही, पण ५०० कागदांच्या गठ्ठ्याची येते. गठ्ठा ५२ मिलिमीटर भरला तर एक कागद ०.१०४ मिलिमीटरचा, आणि गठ्ठ्याच्या मापातली १ मिलिमीटरची शंकाही ५०० ने भागली जाऊन ०.००२ मिलिमीटरवर येते. त्याचप्रमाणे बारीक तार पेन्सिलीवर फटी न ठेवता ४० वेढे गुंडाळली आणि वेढ्यांची रुंदी २६ मिलिमीटर आली तर व्यास ०.६५ मिलिमीटर. चुकीला वस्तूंच्या संख्येने भागण्याची ही पद्धत मला महागड्या साधनाहून अधिक शिकवणारी वाटते. फक्त मोजदाद चुकू देऊ नये.

अनिश्चितता लिहिणे

माप दोनदा घेऊन दोन्ही वेळा तेच आले याने फारसे सिद्ध होत नाही. पाच-दहा वेळा घ्यावे आणि दर वेळी वस्तू काढून पुन्हा ठेवावी. समजा २३.४, २३.५, २३.४, २३.३, २३.४ मिलिमीटर अशी वाचने आली. सरासरी २३.४०. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ०.०२, तिला ४ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन ०.०७, आणि त्याला ५ च्या वर्गमूळाने भागले की सरासरीची अनिश्चितता ०.०३ मिलिमीटर. म्हणून उत्तर २३.४० ± ०.०३ मिलिमीटर. हे केवळ विखुरणीचे माप आहे. शून्य त्रुटी, तापमान किंवा चुकीची पट्टी यांसारखा दोष प्रत्येक वाचनात सारखाच शिरतो, आणि हजार वाचने घेऊनही तो कमी होत नाही.

दोन स्वतंत्र वाचनांची वजाबाकी केली की त्यांच्या अनिश्चितता वर्ग करून मिळवाव्यात व वर्गमूळ घ्यावे. प्रत्येकी ०.५ मिलिमीटर असेल तर फरकाची ०.७ मिलिमीटर. दोन मोठी मापे वजा करून एक लहान फरक काढणे शक्यतो टाळावे ते यामुळेच: १,०००.५ आणि १,०००.० यांतला अर्धा मिलिमीटर अशा अनिश्चिततेत बुडून जातो.

सरळ अंतर गणिताने

जिथे पट्टी पोहोचत नाही तिथे त्रिकोण कामी येतो. निर्देशक माहीत असलेल्या दोन बिंदूंतले अंतर म्हणजे निर्देशकांच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजेच √[(क्ष₂ − क्ष₁)² + (य₂ − य₁)²]. पुन्हा वजाबाकीच, फक्त दोन दिशांत. अवकाशात तिसरा फरक वर्गमूळाच्या आत मिळवावा.

उंची काढण्यासाठी पायथ्यापासून आडवे अंतर मोजावे आणि डोळ्यापासून शिखरापर्यंतचा उन्नत कोन घ्यावा. अंतर २५ मीटर, कोन ३८ अंश आणि डोळ्याची उंची १.५ मीटर असेल तर ३८ अंशांचा टॅन्जंट ०.७८१३ घेऊन उंची २५ × ०.७८१३ + १.५ म्हणजे सुमारे २१.० मीटर येते. पण कोन एक अंशाने चुकला तर उत्तर सुमारे ७० सेंटिमीटरने हलते, म्हणून २१.०३ असे लिहिणे दिशाभूल करणारे ठरेल. उभे कोठे राहावे याचेही उत्तर गणितात आहे: कोनातील चुकीचा उंचीवर होणारा सापेक्ष परिणाम ४५ अंशांना सर्वांत कमी असतो. तिथे एका अंशाची चूक सुमारे साडेतीन टक्के फरक पाडते, ७५ अंशांना तीच चूक सात टक्के पाडते. म्हणून उंचीइतकेच दूर जाऊन उभे राहावे.

वक्राची लांबी

वर्तुळाच्या कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, पण कोन रेडियनमध्येच हवा. त्रिज्या १२ सेंटिमीटर आणि कोन ७५ अंश असेल तर ७५ × ३.१४१६ ÷ १८० = १.३०९ रेडियन व कंस १५.७१ सेंटिमीटर. अंशच गुणले तर ९०० सेंटिमीटर येतात. संपूर्ण परीघच ७५.४ सेंटिमीटर आहे हे आठवले की चूक तत्काळ उघडी पडते.

इतर वक्रांसाठी वक्राचे लहान सरळ तुकडे पाडून प्रत्येकाची लांबी अंतराच्या सूत्राने काढावी आणि बेरीज करावी. य = क्ष² हा वक्र क्ष = ० पासून १ पर्यंत घेऊ. एकच तुकडा घेतला तर लांबी १.४१४२, दोन समान टप्पे घेतले तर १.४६०४ आणि चार घेतले तर १.४७४३. तुकडे अनंत होऊ दिले म्हणजे ही बेरीज समाकलन बनते: १ अधिक अवकलजाचा वर्ग यांच्या वर्गमूळाचे समाकलन करायचे. ते केल्यास खरी लांबी १.४७८९ येते. तुकडे दुप्पट केले की चूक सुमारे चौथाई होते, आणि याचा फायदा घेता येतो. चार तुकड्यांच्या उत्तराची चौपट करून त्यातून दोन तुकड्यांचे उत्तर वजा करावे व तीनने भागावे: (४ × १.४७४३ − १.४६०४) ÷ ३ = १.४७८९. चार तुकड्यांत चार दशांश स्थळे जुळली!

तुकड्यांची टोके वक्रावरच असली पाहिजेत. एकक चौरसाच्या कर्णाजवळून जाणारा पायऱ्यांचा मार्ग कितीही बारीक पायऱ्यांचा केला तरी त्याची लांबी २ च राहते, कर्ण मात्र १.४१४२ चा असतो. दिसायला रेषा जुळल्या म्हणून लांबी जुळत नाही. पिक्सेल मोजून नकाशावरील रस्त्याची लांबी काढणारे नेमके येथे फसतात. समुद्रकिनाऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी: मापाचा तुकडा जितका लहान घ्यावा तितका किनारा लांब होत जातो आणि एका ठरावीक आकड्याकडे झुकतच नाही. बेनुआ मँडलब्रॉट यांनी १९६७ मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले. अशा वक्राची लांबी सांगताना तुकड्याचे मापही सांगावे लागते.

लंबवर्तुळाच्या परिघाला साधे बंद सूत्र नाही. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ मध्ये दिलेले एक आसन्न सूत्र फार उपयोगी पडते: परीघ = π × [३(अ + ब) − √((३अ + ब)(अ + ३ब))], येथे अ आणि ब हे अर्धअक्ष. अ = ५, ब = ३ घेतल्यास परीघ २५.५२७ येतो, जो तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत अचूक आहे.

पट्टीऐवजी घड्याळ

प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. लेझर पाठवून तो परत येण्यास लागलेला वेळ मोजावा, प्रकाशाच्या वेगाने गुणावे आणि दोनने भागावे, कारण प्रवास जाऊन-येऊन आहे. अपोलो ११ च्या चांद्रवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाकडे सोडलेला किरण सुमारे अडीच सेकंदांत परततो, आणि त्यावरून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतर मिळते. येथे दोन टोकांच्या वाचनांची जागा निघण्याच्या आणि परतण्याच्या क्षणांनी घेतली आहे. ताऱ्यांसाठी तोही मार्ग बंद होतो आणि पुन्हा त्रिकोणाकडे यावे लागते: सहा महिन्यांच्या अंतराने तारा किती सरकलेला दिसतो ते पाहून पराशय, म्हणजे त्या सरकण्याचा अर्धा कोन, काढतात आणि त्यावरून अंतर. फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याचे अंतर असेच काढले.

धावत्या वस्तूची लांबी मोजायची असेल तर दोन्ही टोकांची वाचने एकाच क्षणी घ्यावी लागतात. मागच्या टोकाचे आत्ता आणि पुढच्याचे नंतर घेतले तर वजाबाकी निरर्थक होते. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवले की एकाच क्षणी याचा अर्थ निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असतो, आणि म्हणून लांबीही. प्रकाशाच्या वेगाच्या ०.६ पट वेगाने जाणारे, स्वतःच्या चौकटीत १०० मीटर लांब असलेले यान आपल्याला ८० मीटर भरेल, कारण १ वजा ०.३६ म्हणजे ०.६४ आणि त्याचे वर्गमूळ ०.८. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीसाठी ही दुरुस्ती अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान निघते. तिथे तापमानाची दुरुस्ती आधी करावी.